मूळव्याधीच्या चिठ्ठीवर आलेल्या बायका

आमच्या तपासणीच्या खोलीत येणाऱ्या बऱ्याच बायकांच्या पिशवीत मूळव्याधीची जुनी चिठ्ठी असते. बाई निपाणीची असो, चिकोडीची की खानापूरची, चिठ्ठीवर एक मलम, पोट साफ करणारं पातळ औषध आणि ‘तिखट बंद’ एवढंच लिहिलेलं असतं. काहींना खरंच मूळव्याध असते, पण ती वर्षानुवर्षं कुंथल्यामुळे झालेली असते. कुंथावं का लागतं, हे कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून अशी बाई आल्यापासून उपचार संपेपर्यंत काय काय होतं, ते इथे सविस्तर लिहीत आहोत. जिला यायचं आहे तिला आधीच माहीत असलेलं बरं. घरच्यांनीही वाचावं.

‘पोट साफ होत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी लपलेली असतात. एकीला चार-चार दिवस परसाकडे जायची कळच येत नाही. दुसरीला कळ येते, पण बसल्यावर काही बाहेर पडत नाही. तिसरीला होतं, पण मागे राहिल्यासारखं वाटतं आणि तासाभरात पुन्हा जावं लागतं. पहिलीचं आतडं संथ असतं. दुसरी-तिसरीचं आतडं आपलं काम करून मळ दाराशी, म्हणजे गुदद्वाराशी, आणून ठेवतं, दार मात्र उघडत नाही. या दोघींना पहिलीचंच जुलाबाचं औषध देत राहिलं, तर पोटात मुरडा येतो, पातळ होतं आणि दाराची तक्रार जशीच्या तशी राहते. चौथी तक्रार बहुतेक जणी उठून दाराशी गेल्यावर हळूच सांगतात, “कधी कधी कपड्याला लागतंय ओ.” मळ कपड्याला लागायची ही तक्रार ऐकली की आम्ही त्यांना परत बसवतो, कारण सगळ्यात मोठा त्रास तोच असतो.

ओटीच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढे जघनाचं हाड, मागे माकडहाड, आणि त्यांच्या मध्ये ताणलेल्या या झोळीवर मूत्राशय, गर्भाची पिशवी आणि गुदाशय टेकलेले असतात. इंग्रजीतून आलेलं तिचं नाव पेल्विक फ्लोअर. तिच्यातला एक पट्टा जोंधळ्याच्या मळ्यात पाखरं हाकायच्या गोफणीसारखा असतो. तो पुढच्या हाडापासून निघून गुदाशयाच्या मागून वळसा घालतो आणि परत पुढे येतो. एरवी हा पट्टा गुदाशय पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे सुमारे काटकोनाचा बाक पडतो आणि मळ आत राहतो. परसाकडे बसल्यावर पट्टा सैल व्हायला हवा, म्हणजे बाक मोकळा होतो. पण काही बायकांत जोर लावताक्षणी हा पट्टा सैल व्हायच्या ऐवजी आवळतो. बाई जितकी कुंथेल तितकं दार घट्ट होतं. ही चुकीची सवय अंगात मुरलेली असते, पण मोडता येते.

दुसरं सर्रास दिसणारं कारण म्हणजे गुदाशय आणि योनी यांच्या मधला पडदा सैल पडणं. कुंथताना गुदाशयाची पुढची भिंत योनीत फुगते, मळ त्या खिशात शिरतो आणि दाराकडे यायचा तो तिथेच अडकतो. डॉक्टर याला रेक्टोसील म्हणतात. बायका ‘अंग बाहेर येतंय’ म्हणतात, त्यात कधी हा खिसा असतो, कधी मूत्राशय, कधी पिशवी. अनेकींत एकाहून अधिक गोष्टी एकत्र असतात.

पहिल्या भेटीत तपासणीची घाई नसते. आधी दोन आठवड्यांची वही भरून आणायला सांगतो. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, नाहीतर नातीकडून लिहून घ्या. किती वाजता कळ आली, गेलात का, किती वेळ बसलात, कुंथावं लागलं का, बोट लावावं लागलं का, कपड्याला लागलं का, आणि मळ कसा होता. मळाच्या प्रकारासाठी ब्रिस्टलमध्ये तयार झालेला आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेला सात चित्रांचा तक्ता वापरतात. पहिला प्रकार शेळीच्या लेंड्यांसारखा, दुसरा गाठीगाठींचा, तिसरा भेगा पडलेला, चौथा पिकल्या केळासारखा मऊ, पाचवा मऊ तुकड्यांचा, सहावा लगद्यासारखा, सातवा नुसतं पाणी. तिसरा-चौथा हवा. चौथ्या प्रकारचा मळ असूनही वीस मिनिटं बसावं लागत असेल, तर दोष खाण्यात नाही, दारात आहे. वहीतली ही एक नोंद आम्हाला अर्धं निदान सांगून जाते.

वहीत आणखी एक गोष्ट दिसते. पहाटेच्या पहिल्या बसनं कामाला किंवा बाजाराला जाणाऱ्या बायका उपाशी निघतात, वाटेत संडास नसेल म्हणून पाणी पीत नाहीत आणि कळ आली तरी दाबतात. ऊसतोडीच्या हंगामात फडावरच्या बायकांचं तेच, भात लावणीच्या दिवसांत खानापूरकडच्या बायकांचंही तेच. कळ पुन्हा पुन्हा दाबली की गुदाशय भरलेला असूनही मेंदूला कळवेनासा होतो. पाणी शोषलं जाऊन मळ कडक होतो. याचा दोष त्या बाईला लावू नये. फडावर आडोसा नाही, हा तिचा गुन्हा नाही.

त्यानंतर गोळ्यांची पिशवी पाहतो. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, झोपेसाठी किंवा नसांसाठी दिलेलं अॅमिट्रिप्टिलिन, रक्तदाबाचं व्हेरापामिल, यांनी मळ घट्ट होतो. मधुमेहाचं मेटफॉर्मिन उलट पातळ करतं, आणि दार आधीच ढिलं असेल तर नेमकं त्यामुळेच कपड्याला लागतं. कुठलीही गोळी मनानं बंद करू नका, ती बदलून देता येते. थायरॉइड, साखर, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन या रक्ततपासण्या एकदा करून घेतोच. मळातून रक्त जात असेल, तो डांबरासारखा काळा असेल, वजन उतरत असेल, रक्त कमी असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, किंवा पंचेचाळिशीनंतर सवय अचानक बदलली असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी दुर्बिणीची तपासणी. ‘मूळव्याधीचंच रक्त असणार’ असं घरी बसून ठरवू नये.

शरीराच्या तपासणीची भीती सगळ्यांना असते, म्हणून ती कशी होते तेही सांगतो. खोलीत बाईमाणूस असतंच, दार आतून लावलेलं असतं, आणि तुम्ही ‘थांबा’ म्हटलंत की तपासणी थांबते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, अंगावर चादर. आधी नुसतं बाहेरून पाहतात. मग हातमोजा आणि जेली लावून एक बोट आत. तीन गोष्टी करायला सांगतात. काही न करता पडून राहा, यात दाराचा मूळचा ताण कळतो. वारा अडवतो तसं आवळा, यात बाहेरच्या स्नायूची ताकद कळते. मग परसाकडे बसल्यासारखं खाली सोडा, आणि इथे गोफणीचा पट्टा सैल होतो की बोट आवळून धरतो, ते कळतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपतं. फिशर, म्हणजे दाराला पडलेली चीर, असेल तर दुखतं, तसं असेल तर आधीच सांगा, मग त्या दिवशी बोट घालत नाहीत. योनीच्या मागच्या भिंतीचा फुगा पाहायला वेगळं उपकरण लागतं, आणि तेव्हा जोर लावायला सांगतात. सकाळी निजून तपासलं तर फुगा लहान दिसू शकतो. दिवसभर उभं राहून संध्याकाळी अंग बाहेर येत असेल, तर दुपारनंतरची वेळ मागा किंवा उभं राहून तपासायला सांगा.

पुढच्या चाचण्या सगळ्यांना लागत नाहीत. त्यातली सर्वांत साधी आणि उपयोगी चाचणी फुग्याची. नळीच्या टोकाला बसवलेला छोटा फुगा गुदाशयात ठेवून त्यात ५० मिलिलिटर कोमट पाणी भरतात, बाईला पडद्याआड कमोडवर एकटं बसवतात आणि तो बाहेर टाकायला सांगतात. साधारण एका मिनिटात पडायला हवा. दुसरी चाचणी दाब मोजायची, मॅनोमेट्री. पेन्सिलीहून बारीक नळी आत ठेवून आवळताना, खोकताना, सोडताना दाब किती वाढतो-उतरतो ते पडद्यावर रेषांत दिसतं. भूल लागत नाही, घरी बसनं जाता येतं. तिसरी चाचणी चित्राची. गुदाशयात बेरियमची लापशी किंवा जेली भरून, ती बाहेर टाकताना एक्स-रे किंवा एमआरआयनं पाहतात. खिसा किती खोल आहे, त्यात किती अडकून राहतं, वरून आतडं खाली घसरतं का, हे यात दिसतं. बेळगावात, नाहीतर मिरज-कोल्हापूरकडे जाण्याआधी फोन करून विचारा की ही चाचणी बसून करतात की निजून. निजून केलेल्या एमआरआयमध्ये दोष प्रत्यक्षापेक्षा लहान दिसू शकतो. कळच न येणाऱ्यांसाठी वेगळी चाचणी आहे. एक्स-रेत दिसणाऱ्या बारीक खुणांची कॅप्सूल गिळायची आणि पाचव्या दिवशी पोटाचा एक्स-रे काढायचा. खुणांपैकी पाचव्या भागाहून जास्त आत राहिल्या, तर आतडं संथ.

इथे दोन चुका नेहमी होतात. परक्या खोलीत, परक्या माणसांसमोर कुणाचंही दार आवळतं, त्यामुळे एका चाचणीवरून ‘तुमचा पट्टा उलटा चालतो’ असं ठरवू नये. निदान दोन चाचण्या एकच सांगत असतील तरच ते धरायचं. दुसरी चूक अहवालाच्या कागदाची. दोन सेंटिमीटरपर्यंतचा खिसा काहीही तक्रार नसलेल्या, बाळंत झालेल्या कित्येक बायकांत सापडतो. कागदावर ‘रेक्टोसील’ लिहिलं म्हणून लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नका. खिशात मळ अडकतो का, आणि बाईला त्याचा त्रास आहे का, हे आधी बघायचं.

आता उपचार. इथेच खरा वेळ जातो. शिकवण्याच्या बैठका साधारण सहा, आठवड्याला एक, पाऊण ते एक तासाच्या. पूर्वी तिसऱ्या बैठकीनंतर बायका यायच्या थांबत, कारण बसभाडं. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या सरकारी बसमध्ये शक्ती योजनेखाली राज्यातल्या बायकांना तिकीट नाही, त्यामुळे राज्याच्या आतला प्रवास तरी सुटला. आधार कार्ड बरोबर ठेवा.

पहिल्या बैठकीत बसायचं कसं, तेवढंच. देशी संडासावर उकिडवं बसता येत असेल तर उत्तम, गोफणीचा बाक त्यात आपोआप मोकळा होतो. गुडघे धरतात म्हणून कमोड बसवला असेल, तर पायाखाली वीतभर उंचीचं, म्हणजे पंधरा-वीस सेंटिमीटरचं स्टूल घ्या. दोन्ही पावलं त्यावर सपाट टेकवा, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. मग पुढे वाका आणि कोपरं मांड्यांवर ठेवा. टाचा उचलून, चवड्यांवर जोर देऊन बसलं की ओटीचा तळ आवळतो, ही चूक फार जणी करतात.

दुसऱ्या बैठकीपासून श्वास. ‘जोर लावा’ हे शब्द आम्ही शिकवताना वापरत नाही. ते ऐकले की बाई श्वास कोंडते, तोंड लाल होतं आणि दार आवळतं. ‘खाली सोडा’ म्हणतो. अथणी-गोकाककडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या बाईला ‘सडिल बिड्री’, म्हणजे ‘सैल सोडा’, म्हटलं की चटकन कळतं. आधी पोट पुढे फुगवायचं, आत ओढायचं नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून हातांना बाहेर ढकलल्यासारखं वाटलं पाहिजे. मग फुंकणीनं चूल फुंकतो तसा लांब श्वास सोडायचा, तोंड अर्धं उघडं, जबडा सैल. श्वास सुटत असताना पोटाचा फुगा तसाच धरून ठेवायचा, दाब खाली जातो. वयस्क बायकांना ही फुंकणी तरुणींपेक्षा लवकर जमते. तीन-चार वेळा फुंकून काही झालं नाही तर अर्धा मिनिट थांबा, पुन्हा करा. दहा मिनिटांहून जास्त बसायचं नाही. झालं नाही तर उठा, पुढच्या कळेला या.

यंत्र असलेल्या ठिकाणी याच वेळी आत एक बारीक सेन्सर ठेवतात. आवळलं की पडद्यावरची रेषा वर, सोडलं की खाली. आपण सोडतोय असं समजून प्रत्यक्षात आवळतोय, हे बाईला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. याला बायोफीडबॅक म्हणतात. पट्टा उलटा चालणाऱ्यांना जुलाबाच्या औषधापेक्षा याचा गुण जास्त येतो आणि तो टिकतो. यंत्र नसेल तर आमचं बोट हेच यंत्र, किंवा पाण्याचा फुगा ठेवून तो टाकायचा सराव. घरी दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, परसाकडे न जाताही हा सराव करायचा. दोन बैठकांत काहीच जमलं नाही म्हणून सोडू नका, चौथीला जमणाऱ्या खूप जणी आहेत.

वेळही शिकवावी लागते. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, सकाळी सर्वांत जास्त. म्हणून उठल्यावर कोमट पाणी किंवा चहा, बरोबर थोडंसं खाणं, आणि अर्ध्या तासाच्या आत बसणं. कळ आली असेल तर घरातलं दुसरं कुठलंही काम त्या वेळी मोठं नाही. सासूबाईंनी आणि नवऱ्यानं हे मनावर घेतलं, की निम्मा उपचार घरातच होतो.

खाण्याचं थोडक्यात. बाईला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम तंतू हवेत. जोंधळ्याची भाकरी, नाचणीचं आंबील, मटकीची उसळ, सालासकट काकडी, पेरू आणि आपल्या भागात मुबलक पिकणारी रताळी, एवढ्यात ते भागतं. दोन वेळा नुसता भात आणि आमटी खाल्ली तर भागत नाही. इसबगोल घ्यायचं तर एक सपाट चमचा, पूर्ण २५० मिलिलिटरच्या पेल्यातून, आणि त्यावर आणखी पाणी. आठवड्यानं दुसरा चमचा. कोरडं तोंडात टाकून घोटभर पाण्यानं गिळायचं नाही, ते घशात फुगून अडकतं. अंथरुणाला पाठ टेकायच्या आधीही नको. आणि एक लक्षात ठेवा, दार बंद असताना नुसते तंतू वाढवले तर पोट फुगतं, वारा धरतो. अशांना मळ मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड, दिवसाला १७ ग्रॅम पाण्यात मिसळून, जास्त मानवते. डॉक्टरांना विचारून घ्या.

आठवडाभर झालं नाही आणि मग अचानक पाण्यासारखं पुन्हा पुन्हा जातंय, असं वयस्क बाईच्या बाबतीत झालं, तर जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. आत खडा झालेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ झिरपत असतं. गोळीनं खडा आणखी घट्ट होतो. बोटानं तपासून, एनिमा देऊन तो आधी काढावा लागतो.

बोटाचा विषय निघाला आहे तर स्पष्ट लिहितो. खिशात मळ अडकणाऱ्या कित्येक बायकांनी स्वतःच शोधून काढलेलं असतं की योनीत अंगठा घालून मागच्या भिंतीला मागे दाबलं, किंवा दोन्ही वाटांच्या मधली जागा बोटांनी वर दाबून धरली, की मोकळं होतं. वर्षानुवर्षं करतात आणि कुणाला सांगत नाहीत, लाज वाटते, पाप वाटतं. यात पाप काही नाही. शिकलेल्या परिचारिकाही हेच शिकवतात. नखं कापलेली असावीत, आधी आणि नंतर साबणानं हात धुवावेत, धुताना पाणी पुढून मागे घ्यावं. आणि आम्हाला सांगावं, कारण निदानाला याच्याइतकी पक्की खूण दुसरी नसते.

आता कपड्याला लागणं. दाराला दोन कड्या आहेत. आतली आपोआप बंद राहते, बाहेरची आपण आवळतो. बाळंतपणात टाके दारापर्यंत गेले असतील, डॉक्टर ज्याला तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची फाट म्हणतात, तर या कड्यांना इजा झालेली असते. तरुणपणी बाकीचे स्नायू ते भरून काढतात, पाळी गेल्यावर ते थकतात, म्हणून वीस-पंचवीस वर्षांनी त्रास सुरू होतो. कळ आल्यावर धावावं लागतं तेव्हा बाहेरची कडी कमजोर, न कळता लागतं तेव्हा बहुधा आतली. एंडोअॅनल, म्हणजे दारातून आत नळी ठेवून केलेल्या, सोनोग्राफीत फाट दिसते.

इथे आवळण्याचा व्यायाम कामाचा. वारा अडवतो तसं दार वर आणि आत ओढायचं, पाच सेकंद धरायचं, दहा सेकंद सोडायचं. असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत धरायचं. कुल्ले, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास चालू ठेवायचा. निदान तीन महिने. पण हाच व्यायाम पट्टा आधीच घट्ट असलेल्या बाईनं मोबाइलवर बघून केला, तर तिचं दार आणखी बंद होतं. संबंधांच्या वेळी दुखणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, माकडहाडाशी ठणका, ही घट्टपणाची लक्षणं. अशा बाईला आधी सोडायला शिकवायचं. तपासल्याशिवाय व्यायामाचा कागद कुणाला देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

लागतं त्यांनाही इसबगोल उपयोगी पडतं, कारण ते पातळ मळ बांधतं. डॉक्टर जुलाब थांबवणारं लोपेरामाइड देतात, दोन मिलिग्रॅमची गोळी, बरेचदा अर्धीपासून सुरुवात. गावाला जायच्या सकाळी एक ग्लिसरीनची वडी आत ठेवून गुदाशय रिकामा केला, तर बसमध्ये जीव टांगणीला लागत नाही. कातडीला साबण, डेटॉल नको. पाण्यानं धुवा, मऊ सुती फडक्यानं टिपा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

बाळंतिणीबद्दल थोडं. पोट करकचून बांधायची आणि पाणी कमी द्यायची रीत अजून आहे. आवळलेल्या पोटाचा दाब टाके पडलेल्या तळावर जातो, आणि पाणी कमी, त्यात लोहाच्या गोळ्या, म्हणजे मळ खड्यासारखा. पट्टा सैल बांधा, पाणी भरपूर द्या, खोल टाके असतील तर पहिले काही आठवडे डॉक्टरांनी दिलेलं मळ मऊ करणारं लॅक्ट्युलोज चुकवू नका.

‘पिशवी काढली की सगळं जाग्यावर बसेल’ ही समजूत आपल्याकडे फार बायकांना महागात पडली आहे. पिशवी काढल्यानं गुदाशयाचा खिसा भरून येत नाही. वरचा आधार नीट बांधला नाही, तर योनीचा माथाच पुढे खाली येऊ शकतो आणि त्यात आतडं उतरतं. ऑपरेशन नको असेल तर योनीत बसवायची रिंग असते. ही रिंग पिशवी आणि मूत्राशय खाली येण्यावर चांगली, मागच्या खिशावर कमी. ती दर तीन महिन्यांनी काढून धुवावी लागते. बसवून विसरलेली रिंग मांसात रुतते, दुर्गंधीचं पाणी जातं.

तीन महिने बसणं, श्वास, वेळ आणि औषध नीट करूनही खिशात अडकतच राहिलं, तर ऑपरेशन. योनीतून मागची भिंत शिवतात, किंवा आतडं घसरत असेल तर पोटातून दुर्बिणीनं ते वर बांधतात. योनीतून जाळी बसवायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अंग बाहेर येण्यावरच्या अशा जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एप्रिल २०१९ मध्ये थांबवली. पट्टा उलटा चालत असेल तर ती सवय आधी मोडून घ्या, नाहीतर शिवलेल्या भिंतीवर पुन्हा तोच जोर पडतो आणि टाके सैल होतात. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे मळ मऊ राहील असं औषध चालू ठेवायचं, उकिडवं बसून भांडी-धुणं नाही, पाण्याची घागर नाही, उसाची मोळी तर नाहीच. फडावरच्या बाईची तारीख आम्ही म्हणूनच गळीत हंगाम संपल्यानंतरची मागतो.